'बंद' केलेला डेटाबेस बंदच होत नाही: लॉक, लटकलेली कनेक्शनं आणि तपासणीचा क्रम

लक्षणं

डेटाबेसशी उघडलेली जोडणी (कनेक्शन) नीट बंद न होणं, हा दोष एका रूपात येत नाही. म्हणून आधी तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते पाहा.

- एसक्यूलाइट या एका फाइलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसवरचं अ‍ॅप मधूनच 'डेटाबेस इज लॉक्ड' असं सांगतं. अ‍ॅप बंद करून पुन्हा सुरू केलं की काही तास शांतता, मग परत तेच.
- विंडोजवर डेटाबेसची फाइल पुसता येत नाही, नाव बदलता येत नाही. दुसरी प्रोसेस वापरते आहे असं उत्तर येतं. लिनक्सवर फाइल बिनतक्रार पुसली जाते, पण डिस्कवरची जागा काही मोकळी होत नाही.
- अ‍ॅप बंद झाल्यावरही मूळ फाइलशेजारी '-वॉल' शेपटीची फाइल उरते, किंवा अ‍ॅप चालू असताना ती फुगतच जाते.
- पोस्टग्रेस (सर्व्हरवर चालणारा डेटाबेस) 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी' म्हणतो. तसाच दुसरा, मायएसक्यूएल, 'टू मेनी कनेक्शन्स'.
- टेस्ट सगळ्या पास होतात, पण प्रोग्राम संपत नाही. टर्मिनलमधला कर्सर लुकलुकत राहतो आणि शेवटी कंट्रोल-सी दाबावं लागतं.
- वापरकर्त्याने केलेली शेवटची नोंद पडद्यावर दिसली होती, अ‍ॅप पुन्हा उघडल्यावर ती नाही.
- आणि उलट टोक: 'आधीच बंद केलेलं ऑब्जेक्ट पुन्हा उघडण्याचा प्रयत्न' अशा अर्थाचा क्रॅश. अँड्रॉइडवाल्यांना हा चांगलाच ओळखीचा.

यातल्या पहिल्या लक्षणाबद्दल एक खुलासा लगेच करतो, कारण त्यावर लोकांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. 'लॉक्ड' हा मेसेज दर वेळी न बंद झालेल्या कनेक्शनमुळे येत नाही. दोन जण एकाच वेळी लिहायला आले तरी तो येतो, कारण एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देतो. फरक ओळखायचा सोपा मार्ग: एरर थोड्या वेळात आपोआप निवळत असेल तर ती गर्दी आहे. त्यावर उपाय म्हणजे 'बिझी टाइमआउट' वाढवणं. मूळ सी लायब्ररीत तो शून्य असतो, म्हणजे वाटच न पाहता नकार. पायथनच्या एसक्यूलाइट मॉड्यूलमध्ये तो ५ सेकंद असतो. पण प्रोसेस मारल्याशिवाय एरर जातच नसेल, तर कोणीतरी दार अडवून बसलंय. हा लेख त्या 'कोणीतरी'ला शोधण्याबद्दल आहे.

काहीही करण्याआधी

'-वॉल', '-एसएचएम' किंवा '-जर्नल' शेपटीच्या, एसक्यूलाइटने स्वतः बनवलेल्या फाइली हाताने पुसू नका. 'लॉक काढण्यासाठी शेजारची फाइल उडवा' हा सल्ला जितका फिरतो, तितकाच तो घातक आहे. 'वॉल मोड' ही एसक्यूलाइटची लिहिण्याची एक पद्धत; तिच्यात कमिट झालेला, म्हणजे पक्का झालेला, डेटा आधी '-वॉल' फाइलमध्ये जातो आणि नंतर कधीतरी मूळ फाइलमध्ये उतरतो. ती फाइल पुसली म्हणजे वापरकर्त्याला 'सेव्ह झालं' असं सांगून झालेल्या नोंदी तुम्ही फेकल्या. जुन्या पद्धतीतली '-जर्नल' फाइल पुसणं तर त्याहून वाईट: अर्धवट राहिलेलं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) मागे घ्यायची माहिती तिच्यातच असते. ती गेली की मूळ फाइल अर्धी जुनी, अर्धी नवी राहते आणि डेटाबेस बिघडू शकतो.

अ‍ॅप थांबवा, आणि मूळ फाइल व तिच्या शेजारच्या सगळ्या फाइली एकत्र दुसरीकडे कॉपी करून ठेवा. फक्त मुख्य फाइल उचलली तर '-वॉल'मधला डेटा मागेच राहतो. 'बॅकअप घेतला होता, पण शेवटच्या दिवसाच्या नोंदी त्यात नाहीत' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

पहिली तपासणी: फाइल धरून कोण बसलंय?

कोडला हात लावायची गरज नाही, पाच मिनिटांचं काम. लिनक्स किंवा मॅकवर 'एलएसओएफ' या कमांडला फाइलचा पत्ता द्या. विंडोजवर रिसोर्स मॉनिटर किंवा प्रोसेस एक्स्प्लोररमध्ये फाइलचं नाव शोधा. ज्या प्रोसेसने ती फाइल उघडून ठेवलीय, तिचं नाव समोर येतं.

आणि पुष्कळदा ते नाव तुमच्या अ‍ॅपचं नसतंच. डेटाबेस पाहण्यासाठी उघडलेलं एखादं टूल मागे मिनिमाइझ होऊन पडलेलं असतं, त्यात एका चौकटीतला आकडा बदललेला असतो आणि 'बदल कायम करा' हे बटण दाबायचं राहिलेलं असतं. तिथे ट्रान्झॅक्शन उघडं आहे, लॉक त्याच्याकडे आहे आणि अ‍ॅपचा कोड बिचारा निर्दोष. कधी मागच्या वेळी नीट न संपलेली अ‍ॅपचीच जुनी प्रोसेस असते. कधी अँटीव्हायरस, कधी क्लाउडशी फाइल जुळवत राहणारा प्रोग्राम. अशा सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये चालू डेटाबेस ठेवूच नये. तो प्रोग्राम एक फाइल एका क्षणी आणि दुसरी दुसऱ्या क्षणी उचलतो, त्यामुळे वर नेलेली प्रत आपापसात न जुळणारी असू शकते.

यादीत एकच प्रोसेस, ती तुमच्याच अ‍ॅपची, पण तीच फाइल तिने अनेकदा उघडलेली दिसते आहे? मग पुढे चला. तुमच्या कोडमध्ये गळती आहे.

दुसरी तपासणी: 'क्लोज'ची ओळ खरंच चालली का, आणि तिने उत्तर काय दिलं?

'क्लोज तर लिहिलंय की' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर फक्त मान हलवतो. लिहिलेलं असणं, तिथपर्यंत पोचणं आणि यशस्वी होणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. क्लोजच्या आधी एक आणि नंतर एक अशी लॉगची ओळ टाका, आणि परत आलेला कोडही छापा.

तो कोड महत्त्वाचा का? एसक्यूलाइटचं मूळ क्लोज फंक्शन, एखादं स्टेटमेंट (चालवायला तयार केलेली एसक्यूएल आज्ञा) अजून मोकळं केलेलं नसेल किंवा बॅकअप अर्धा असेल, तर 'बिझी' असं उत्तर देतं आणि कनेक्शन उघडंच ठेवतं. क्रॅश नाही, आरडाओरडा नाही. फक्त एक ५ हा आकडा परत येतो, जो कोणी वाचत नाही. २०१२ साली आलेल्या ३.७.१४ आवृत्तीत याचा 'व्ही-टू' भाऊ आला. तो 'ठीक आहे' म्हणतो, पण कनेक्शन झोंबी अवस्थेत ठेवतो आणि शेवटचं स्टेटमेंट मोकळं झालं की मगच त्याचा निकाल लावतो. कचरा आपोआप गोळा करणाऱ्या भाषांसाठी ही सोय आहे. पण 'ठीक' हे उत्तर आलं म्हणून फाइल सुटली असं समजू नका.

वॉल मोड असेल तर लॉगशिवायही एक पुरावा मिळतो. शेवटचं कनेक्शन व्यवस्थित बंद होताना एसक्यूलाइट '-वॉल'मधला सगळा डेटा मूळ फाइलमध्ये उतरवतो आणि ती फाइल स्वतः पुसतो. अ‍ॅप बंद केलं, फोल्डर उघडलं, आणि '-वॉल' तिथेच दिसली तर बहुधा क्लोज पूर्ण झालं नाही. (ही फाइल मुद्दाम टिकवून ठेवायची सेटिंगही असते, आणि फक्त वाचण्यापुरतं उघडलेलं कनेक्शन तिला पुसू शकत नाही. या दोन शक्यता आधी वगळा.) घाबरायचं कारण नाही, पुढच्या वेळी डेटाबेस उघडताना ती वाचली जाते. पण रोज तसंच दिसत असेल तर अ‍ॅप रोज कोसळूनच बंद होतंय असा अर्थ घ्या.

तिसरी तपासणी: चुकीच्या वाटेने बाहेर पडलं तर?

सरळ वाटेवर क्लोज सगळेच लिहितात. गळती होते ती मधेच अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चालताना आलेली एरर) उडाल्यावर, किंवा फंक्शनच्या मध्यावर 'रिटर्न' असल्यावर. म्हणून प्रत्येक भाषेत यासाठी एक रचना दिलेली आहे: जावामध्ये २०११ च्या आवृत्ती ७ पासून 'ट्राय-विथ-रिसोर्सेस', सी-शार्पमध्ये 'यूझिंग', गोमध्ये 'डिफर', बाकी ठिकाणी 'ट्राय-फायनली'. हाताने लिहिलेली क्लोज शोधा आणि या रचनेत बसवा.

आता यातले खड्डे.

पायथनमध्ये एसक्यूलाइटचं कनेक्शन 'विथ'मध्ये वापरलं तर ब्लॉक संपताना कमिट किंवा रोलबॅक (बदल मागे घेणं) होतो, पण कनेक्शन बंद होत नाही. फाइल उघडताना 'विथ' वापरायची सवय असल्यामुळे इथेही ते बंद होत असेल असं सगळे धरून चालतात. 'काँटेक्स्टलिब'मधलं 'क्लोझिंग' वापरा, किंवा फायनलीमध्ये स्वतः क्लोज करा. पायथन ३.१३ पासून बंद न करता टाकून दिलेल्या कनेक्शनबद्दल 'रिसोर्स वॉर्निंग' येते, पण ती एरवी दडवलेलीच असते. डेव्ह मोड चालू करून एकदा टेस्ट पळवा, गळतीची यादीच हातात पडेल. पोस्टग्रेससाठी सायकॉपजी वापरत असाल तर आवृत्ती पाहा: दुसरीत 'विथ' फक्त ट्रान्झॅक्शन संपवतो, तिसरीत कनेक्शनही बंद करतो. एका आवृत्तीचा कोड दुसरीत नेताना इथे हमखास गोंधळ होतो.

गोमध्ये 'ओएस-एक्झिट' किंवा 'लॉग-फेटल' बोलावलं की डिफर केलेलं काहीही चालत नाही. मुख्य फंक्शनच्या पहिल्या ओळीत निष्ठेने डिफर-क्लोज लिहायचं आणि शेवटी लॉग-फेटलने बाहेर पडायचं, हे जोडकाम बऱ्याच ठिकाणी सापडतं.

आणखी एक गोष्ट: फायनलीमधलं क्लोज स्वतःच अपवाद फेकू शकतं, आणि मग मूळ अपवाद झाकला जातो. तुम्ही दिवसभर 'कनेक्शन बंद करता आलं नाही' याच्या मागे, आणि खरं दुखणं होतं डिस्क भरल्याचं. जावाची ट्राय-विथ-रिसोर्सेस मूळ अपवाद पुढे ठेवते आणि क्लोजचा त्याला जोडून देते. हाताने लिहिलेली फायनली तसं करत नाही.

चौथी तपासणी: अर्ध्यावर सोडलेले कर्सर

इथला कर्सर म्हणजे क्वेरीने (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने) दिलेल्या ओळींत वाचन कुठवर आलं ते धरून ठेवणारं ऑब्जेक्ट. या एका जागेवर निम्म्याहून अधिक प्रकरणं मिटतात असा माझा अंदाज आहे, म्हणून इथे जरा थांबू.

नमुना असा असतो. एक फंक्शन आहे: ग्राहकाचा क्रमांक द्या, ते त्याची न भरलेली बिलं शोधतं. क्वेरी चालते, ओळी एकेक करून वाचल्या जातात, पहिलं थकलेलं बिल दिसलं की तिथल्या तिथे 'ट्रू' परत. टेस्टमध्ये ग्राहकाचं एकच बिल असतं, आणि तेही बहुधा भरलेलं. लूप शेवटपर्यंत जातो, सगळं छान. प्रत्यक्षात ग्राहकाची चाळीस बिलं असतात, तिसरंच थकलेलं सापडतं आणि उरलेल्या सदतीस ओळींवर कर्सर तसाच टांगलेला राहतो. एसक्यूलाइटमध्ये अशा अर्धवट वाचलेल्या स्टेटमेंटकडे वाचनाचं लॉक असतं. वॉल मोडमध्ये तो लिहिणाऱ्याला अडवत नाही, पण चेकपॉइंट ('-वॉल'मधला डेटा मूळ फाइलमध्ये उतरवणं) पूर्ण होऊ देत नाही. एरवी '-वॉल' १,००० पानांपर्यंत गेली की (४,०९६ बाइटच्या पानाने साधारण ४ मेगाबाइट) आपोआप चेकपॉइंट होतो आणि फाइल पुन्हा पहिल्यापासून वापरली जाते. एक कर्सर अडकला की ते थांबतं, आणि फाइल फुगत जाते. लक्षणांतल्या त्या फुगणाऱ्या फाइलचं उत्तर हे.

गोमध्येही हाच सापळा आहे. 'रोज'वरून (rows, म्हणजे क्वेरीने दिलेल्या ओळी) शेवटपर्यंत फिरलात तर ते आपोआप बंद होतं. मधेच परतलात तर नाही, आणि पूलमधलं (पुन्हापुन्हा वापरायला उघडून ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातलं) एक कनेक्शन कायमचं गुंतून बसतं. क्वेरीची एरर तपासल्यावर लगेच पुढच्या ओळीत डिफर-क्लोज लिहिणं हाच इलाज. ओळ एकच हवी असेल तर एकच ओळ देणारं फंक्शन वापरा किंवा क्वेरीतच 'लिमिट १' लावा.

शोधायचं कसं? सी किंवा सी++ मध्ये काम करत असाल तर क्लोजच्या आधी 'एसक्यूलाइट३_नेक्स्ट_एसटीएमटी' लूपमध्ये चालवून उरलेल्या प्रत्येक स्टेटमेंटचा मजकूर 'एसक्यूलाइट३_एसक्यूएल'ने छापा. गुन्हेगाराची क्वेरीच पडद्यावर येते. मग ती कोडमध्ये शोधायला मिनिट लागत नाही. इतर भाषांत क्वेरी चालवणाऱ्या जागा शोधून, त्यातल्या कोणत्या लूपमध्ये 'ब्रेक' किंवा 'रिटर्न' आहे एवढंच बघा. सगळा कोड वाचायची गरज नाही.

पाचवी तपासणी: कमिटचं काय झालं?

'शेवटची नोंद गायब' हे लक्षण असेल तर थेट इथे या. क्लोज म्हणजे कमिट नव्हे. एसक्यूलाइटमध्ये ट्रान्झॅक्शन उघडं असताना कनेक्शन बंद केलं तर ते मागे घेतलं जातं. पोस्टग्रेसही तसंच करतो. ओरॅकल डेटाबेसचा जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलायचं मानक) ड्रायव्हर मात्र ऑटोकमिट (प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की करणं) बंद असताना कनेक्शन बंद केलं, तर गुपचूप कमिट करून टाकतो. जेडीबीसीच्या मानकाने हा निर्णय ड्रायव्हरवर सोडलाय, म्हणून एका डेटाबेसवर बरोबर चाललेला कोड दुसऱ्यावर नोंदी गमावतो, किंवा नको असलेली अर्धवट नोंद पक्की करतो.

नियम सोपा ठेवा: क्लोजच्या आधी कमिट किंवा रोलबॅक, दोन्हींपैकी एक, स्पष्ट शब्दांत. ड्रायव्हरच्या मर्जीवर काही ठेवू नका.

सहावी तपासणी: पूल

पूल आला की 'क्लोज'चा अर्थ बदलतो. वाचनालयाचं पुस्तक परत केलं म्हणून ते रद्दीत जात नाही, तसं पूलमधलं कनेक्शन क्लोज केलं की ते फक्त पूलकडे परत जातं. सर्व्हरशी जोडलेलं राहतं. यातून दोन उलट तक्रारी निघतात.

एक: 'क्लोज केलं तरी फाइल सुटत नाही.' डॉटनेटच्या मायक्रोसॉफ्ट-डेटा-एसक्यूलाइटमध्ये आवृत्ती ६ पासून पूलिंग मुळातच चालू असतं. टेस्ट संपताना तात्पुरती फाइल पुसायला जावं तर ती अडकलेली. फाइल पुसण्याआधी 'क्लिअर-ऑल-पूल्स' बोलवा, किंवा टेस्टपुरतं कनेक्शन स्ट्रिंगमध्ये पूलिंग बंद करा. नोडमध्ये प्रोग्राम संपत नाही त्याचंही कारण बहुधा हेच: पूल उघडा असेपर्यंत इव्हेंट लूपला काम आहे असंच वाटतं. शेवटी पूलचं 'एंड' बोलावून त्याची वाट पाहा. 'प्रोसेस-एक्झिट' मारून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यात चालू क्वेऱ्या अर्ध्यात तुटतात.

दोन: 'पूल रिकामा झाला, कनेक्शन मिळत नाही.' म्हणजे कुणीतरी नेलं आणि परत केलं नाही. इथे लोक पहिली गोष्ट करतात ती पूलचा आकडा वाढवण्याची. करू नका. गळती असेल तर १० ची ५० केल्याने एरर दुपारऐवजी रात्री येईल, एवढाच फरक. हिकारी-सीपी (जावाचा एक कनेक्शन पूल) वापरत असाल तर 'लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड' लावा. कनेक्शन नेऊन ठरलेल्या वेळात परत आलं नाही की ते कोणी नेलं त्याचा स्टॅक ट्रेस (कोडमधल्या कॉलची साखळी) लॉगमध्ये येतो. दोन सेकंदांहून कमी वेळ तो स्वीकारत नाही. मी ३० सेकंदांपासून सुरुवात करतो, नाहीतर मोठे रिपोर्टही चोर ठरतात.

सातवी तपासणी: सर्व्हरला विचारा

आतापर्यंत आपण अ‍ॅपच्या बाजूने पाहत होतो. पोस्टग्रेस असेल तर 'पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी' हा व्ह्यू उघडा. एकेक ओळ म्हणजे एकेक जोडणी. बघायचे रकाने तीन: स्टेट, स्टेट_चेंज आणि क्वेरी.

'आयडल' म्हणजे रिकामं बसलेलं. पूलमधली कनेक्शनं अशीच असतात, त्यात वावगं काही नाही. शोधायचं ते 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. याने ट्रान्झॅक्शन सुरू केलं, काहीतरी केलं आणि मग कमिटही नाही, रोलबॅकही नाही. स्टेट_चेंजमधली वेळ जुनी असेल तर ते सोडून दिलेलं आहे. अशी एकच जोडणी तासन्‌तास राहिली की तिने घेतलेली लॉकं अडकतात, आणि व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या सफाईकामाला) जुन्या ओळी साफ करता येत नाहीत. क्वेरी या रकान्यात अशा वेळी शेवटची संपलेली क्वेरी दिसते, चालू असलेली नव्हे. बरेच जण त्या निष्पाप 'सिलेक्ट'लाच झोडपत बसतात; खरा दोष त्यानंतर जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही त्यात असतो. तरी ती क्वेरी धागा म्हणून उपयोगी: कोडमध्ये ती कुठे आहे ते पाहा आणि तिथून पुढे वाचत जा.

कनेक्शन स्ट्रिंगमध्ये 'अ‍ॅप्लिकेशन_नेम' भरा. एरवी दहा सेवा एकाच नावाने येतात आणि कोणाची गळती हे कळत नाही. फुकटचं काम आहे, आजच करा.

तात्पुरती सुटका हवी असेल तर 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड'. 'पीजी_कॅन्सल_बॅकएंड' इथे चालत नाही, कारण रद्द करायला चालू क्वेरीच नाही. आणि ९.६ पासून असलेलं 'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट' लावून ठेवा. पण सर्व्हरवर जाऊन त्या प्रोसेसला 'किल -९' कधीही देऊ नका. पोस्टग्रेस त्याला अपघात समजतो आणि खबरदारी म्हणून सगळ्यांचीच कनेक्शनं तोडून रिकव्हरी सुरू करतो.

मायएसक्यूएलमध्ये 'शो प्रोसेसलिस्ट' पाहा आणि 'अबॉर्टेड_क्लायंट्स' हा आकडा वाढतोय का ते बघा. अ‍ॅप निरोप न घेता निघून गेलं की तो वाढतो. तिथे रिकामी जोडणी मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास टिकते. कमाल जोडण्या मायएसक्यूएलमध्ये मुळात १५१ आणि पोस्टग्रेसमध्ये १००, त्यामुळे हळू गळतीलाही छत गाठायला फार वेळ लागत नाही.

आठवी तपासणी: बंद होण्याचा क्रम

दोष फक्त नवी आवृत्ती चढवताना किंवा अ‍ॅप रीस्टार्ट करताना येत असेल, तर इथे शोधा. क्रम असा हवा: आधी नवं काम घेणं थांबवा, हातातलं काम संपू द्या, ठरलेल्या मुदतीत न संपलेलं रद्द करून रोलबॅक करा, मागे चालणारे थ्रेड (प्रोग्राममधली समांतर कामं) संपल्याची खात्री करा, मग पूल बंद करा. लॉगर सगळ्यांच्या शेवटी. पूल आधी बंद केला आणि कुठला थ्रेड अजून लिहीत होता, की 'बंद कनेक्शन' असल्याच्या एररींचा पाऊस पडतो.

जावामध्ये शटडाउन हुक (प्रोग्राम बंद होताना चालणारा कोड) एकापेक्षा जास्त लावले तर ते समांतर चालतात, क्रमाची हमी नाही. एक हुक पूल मिटवतो आणि दुसरा त्याच वेळी शेवटची रांग डेटाबेसमध्ये ओतू पाहतो. एकच हुक ठेवा आणि त्यात क्रम स्वतः लिहा.

कंटेनर असेल तर वेळेचं गणित बघा. डॉकर थांबवताना आधी 'सिगटर्म' ('बंद हो' असा सिग्नल) पाठवतो आणि लिनक्स कंटेनरला मुळात १० सेकंद देतो, कुबरनेटीस ३०. नंतर 'सिगकिल', आणि तो कोणालाही पकडता येत नाही. फायनली नाही, डिफर नाही, हुक नाही. कंटेनर १३७ कोडने संपत असेल तर तो मारला गेलाय (मेमरी संपल्यामुळेही हाच कोड येतो, तेवढं तपासा). पुष्कळदा सिग्नल अ‍ॅपपर्यंत पोचतच नाही, कारण डॉकरफाइलमध्ये कमांड शेलमार्फत सुरू केलेली असते आणि पहिल्या क्रमांकाची प्रोसेस ते शेल असतं. ते सिग्नल पुढे देत नाही. कमांड यादीच्या रूपात लिहिली की प्रश्न मिटतो.

अँड्रॉइडवर सल्ला उलटा आहे. स्क्रीन बंद होताना डेटाबेस बंद करू नका. दुसरी स्क्रीन किंवा मागचा थ्रेड तोच हेल्पर (डेटाबेस उघडून देणारं ऑब्जेक्ट) वापरत असतो आणि 'री-ओपन'चा क्रॅश तिथूनच येतो. संपूर्ण अ‍ॅपसाठी एकच हेल्पर ठेवा, कर्सर मात्र प्रत्येक वेळी बंद करा. अ‍ॅपची प्रोसेस गेली की फाइलचं हँडल ऑपरेटिंग सिस्टिम सोडवते, आणि कमिट झालेलं सुरक्षित असतं. 'ऑन-टर्मिनेट'मध्ये क्लोज लिहून निर्धास्त झालेले भेटतात. खऱ्या फोनवर ते कधी बोलावलंच जात नाही.

नववी: फोर्क आणि तीच फाइल दुसऱ्या वाटेने

इथवर येऊनही दोष उरला असेल तर दोन अवघड जागा.

सर्व्हर आधी कनेक्शन उघडतो आणि मग वर्कर प्रोसेस फोर्क करतो (स्वतःची प्रत काढून नवी प्रोसेस बनवतो) का? मग एकच कनेक्शन दोन प्रोसेसच्या (मूळ ती पालक, नवी ती मूल) हातात आहे. एसक्यूलाइटमध्ये मुलाने ते वापरणंच काय, बंद करणंही धोक्याचं. नेटवर्कवरच्या डेटाबेसमध्ये एकाची उत्तरं दुसऱ्याला जातात, आणि मुलाने निरोप घेतला की पालकाची जोडणी तुटते. कनेक्शन फोर्कनंतर, प्रत्येक वर्करमध्ये उघडा.

दुसरी जागा फार थोड्यांना ठाऊक असते. लिनक्स-युनिक्सवर एसक्यूलाइट जी फाइल-लॉकं वापरतो, त्यांचा एक विचित्र नियम आहे: त्याच प्रोसेसने तीच फाइल दुसऱ्या कुठल्याही मार्गाने उघडून बंद केली, तर त्या फाइलवरची त्या प्रोसेसची सगळी लॉकं सुटतात. म्हणजे अ‍ॅपमधल्या कुणी हॅश काढण्यासाठी किंवा कॉपी करण्यासाठी डेटाबेसची फाइल साध्या फाइलसारखी उघडली आणि शिस्तीत बंद केली, की चालू ट्रान्झॅक्शनचं संरक्षण गेलं. इथून बिघाडापर्यंत एकच पाऊल. चालू डेटाबेसची प्रत हवी असेल तर बॅकअपचं अधिकृत फंक्शन वापरा, किंवा २०१९ च्या ३.२७ पासून असलेलं 'व्हॅक्यूम इंटू'.

कुठे थांबायचं

एसक्यूलाइट असेल तर 'प्राग्मा इंटिग्रिटी_चेक' (फाइल शाबूत आहे का ते पाहणारी आज्ञा) चालवा, मूळ फाइलवर नव्हे तर सुरुवातीला ठेवलेल्या प्रतीच्याही प्रतीवर. उत्तर 'ओके' याखेरीज काहीही आलं आणि डेटा दुसऱ्याचा किंवा पैशांचा असेल, तर थांबा. 'रिकव्हर' कमांड आहे, पण ती काय वाचवते आणि काय सोडते हे पारखायला अनुभवी माणूस लागतो.

पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल सुरूच होत नसेल, लॉगमध्ये पानाच्या चेकसमबद्दल किंवा डिस्कच्या वाचन-लेखनाबद्दल तक्रार असेल, तर डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्या तज्ज्ञाला) बोलवा आणि तोवर सर्व्हर पुन्हापुन्हा सुरू करून पाहू नका. डेटा फोल्डरमधल्या फाइली पुसून 'सुरू तरी होतोय का' असं बघणं हा तर सगळ्यात महागात पडणारा प्रयोग. डेटाबेस नेटवर्क ड्राइव्हवर ठेवलेला असेल आणि तो हलवायचा निर्णय तुमच्या हातात नसेल, तरीही कोडमध्ये पुढे खोदू नका. एसक्यूलाइटचा वॉल मोड वेगवेगळ्या यंत्रांवरून नेटवर्क ड्राइव्हवर चालतच नाही, आणि हे क्लोजने सुटणारं दुखणं नाही.

डीबीएला बोलावताना एवढं तयार ठेवा: शेजारच्या फाइलींसकट घेतलेली प्रत, दोष दिसला त्या आधीच्या तासाभराचा अ‍ॅपचा आणि सर्व्हरचा लॉग, ड्रायव्हर व डेटाबेसची आवृत्ती, पूलच्या सेटिंग, आणि तुम्ही आतापर्यंत काय काय करून पाहिलं त्याची खरी यादी. '-वॉल' पुसून पाहिली असेल तर तेही सांगा. त्यावर पुढचा सगळा मार्ग बदलतो.